कोंबड्यांची मानमोडी आणि आमची चूक

(आमच्या गावच्या शाळेच्या पटांगणात, कोंबड्या पाळणाऱ्या घरांतील स्त्रीपुरुषांपुढे एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण.)

आजच्या सभेस पुरुष थोडे आणि आयाबहिणी पुष्कळ जमल्या आहेत, हे योग्यच झाले. कोंबडी हे बाईचे धन. कांद्याची पट्टी धन्याच्या खिशात जाते, दुधाचा हिशेब डेअरीच्या वहीत राहतो. पण अंड्याचा पैसा कनवटीला लागतो तो घरधनिणीच्याच. पोराची वही, सासूची खोकल्याची बाटली, माहेरी जाण्याचे एस.टी.चे भाडे, हे सगळे त्या पैशावर निघते. आमच्या शाळेत सहलीची वर्गणी मागितली की दुसऱ्या दिवशी किती मुलींच्या घरचा कोंबडा बाजारात गेला, हे आम्हांस ठाऊक असते.

हे धन लहान, म्हणून शहाण्या लोकांनी त्याकडे पाहिले नाही. घोड्यांच्या रोगांवर शालिहोत्राचे नाव सांगणारे ग्रंथ झाले, हत्तींच्या रोगांवर पालकाप्याचा ग्रंथ झाला, कारण घोडे आणि हत्ती राजाच्या दारी असत. कोंबडी उकिरडा उकरते, आणि तिला पाळणारेही गावाने उकिरड्याच्या बाजूलाच वसविले. तिच्यासाठी पोथी कोण लिहिणार? म्हणून आपणच आपले ज्ञान मिळविले पाहिजे आणि आपणच एकमेकांस सांगितले पाहिजे. आम्ही काही जनावरांचे डॉक्टर नव्हे. ट्रेनिंग कॉलेजात आम्हांस मुलांना शिकविण्याची विद्या मिळाली, कोंबड्यांच्या रोगांची नव्हे. जे बोलणार आहोत ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांस पुनःपुन्हा विचारून आणि स्वतःचे नुकसान करून घेऊन शिकलो. त्यात दुसऱ्यांचेही नुकसान केले. तेच आधी सांगतो.

गेल्या वर्षी शिमग्याच्या अगोदर आमचा कोंबडा मुंगसाने नेला. घरी चौदा कोंबड्या, आणि आमच्या कुटुंबाचा आग्रह की कोंबडा पाहिजेच. आम्ही बाजारास गेलो. एकाजवळ पायाला सुतळी बांधलेले चार कोंबडे होते. त्यातला तांबडा, मोठ्या तुऱ्याचा, आम्हांस आवडला. तो जरा पिसे फुगवून बसला होता, पण उन्हाने बसला असेल असे आम्हांस वाटले. किंमत विचारली आणि आम्ही निम्मी सांगितली, तर तो मनुष्य घासाघीस न करता देऊन मोकळा झाला. आम्ही खूश! आपल्या बाजारात मेथीची जुडीसुद्धा कोणी इतक्या सहज देत नाही. मग जिवंत कोंबडा का दिला, एवढा विचार अंकगणित शिकविणाऱ्या माणसास सुचला नाही. घरी आणून त्याच रात्री तो आमच्या कोंबड्यांबरोबर खुराड्यात कोंडला.

तिसऱ्या दिवशी त्याने दाणा सोडला. चोच उघडून श्वास घेऊ लागला, घशात घरघर, शिट हिरवी पाण्यासारखी. पाचव्या दिवशी मेला. आम्ही तो उचलून उकिरड्यावर फेकला. कुत्र्यांनी ओढला, कावळ्यांनी टोचला, पिसे सगळ्या आळीत उडाली. आणखी चार-पाच दिवस गेले आणि आमच्या दोन कोंबड्या पंख टाकून कोपऱ्यात बसल्या. घरात विचार झाला की बाकीच्या आजारी पडायच्या आत चार विकून टाकाव्यात. त्या आम्ही अर्ध्या किमतीत वरच्या आळीतल्या सोयऱ्यांस दिल्या, आणि मनात म्हटले, निदान चारांचे तरी पैसे झाले. दोन कापून खाल्ल्या, आतडी आणि पिसे पुन्हा उकिरड्यावर. राहिलेल्या आठांपैकी सहा आठवड्याच्या आत गेल्या. एक वाचली, आणि एक जी वाचली तिची मान आजही वाकडी आहे. दाणा टिपायला जाते तर चोच बाजूला पडते. ती आम्ही मुद्दाम ठेवली आहे.

वरच्या आळीत त्या चार कोंबड्या गेल्या, तेथून ती साथ देवळामागे गेली, तेथून ओढ्याकाठच्या वस्तीत. पाडव्यापर्यंत गावात आरवणे ऐकू येईना. पहाटे उठणाऱ्या बायांनी आम्हांस सांगितले, गुरुजी, कोंबडा नाही तर पहाटसुद्धा मुकी वाटते.

आता पुढचे. आमच्या आळीत एक मावशी राहतात. एकट्या आहेत, मुलगा मुंबईस. आमच्या कोंबड्या पडण्याच्या दोन दिवस अगोदर त्या आमच्या दारी उबवायला अंडी मागायला आल्या होत्या. जाताना परड्यात उभ्या राहून म्हणाल्या, किती गोजिरवाण्या कोंबड्या आहेत, गुरुजी. एवढेच. दोन दिवसांनी साथ लागली आणि कोणीतरी बोलले की मावशींची नजर लागली. नाव कोणी काढले हे आम्ही विचारीत नाही. पण हां-हां म्हणता ते गावभर झाले. मुले त्यांच्या दारावरून जाईनात. विरजणास ताक मिळेना. एका बारशाला सगळ्या आळीला बोलावणे गेले, त्यांना गेले नाही. मावशींच्या स्वतःच्या नऊ कोंबड्या त्याच साथीत मेल्या, त्याचे उत्तर असे काढले की घरचीला घरची नजर आधी लागते.

बंधुभगिनींनो, आम्हांस तेव्हा सगळे माहीत होते. एक मेलेली कोंबडी पिशवीत घालून आम्ही दवाखान्यात नेली होती. डॉक्टरांनी ती चिरून जठराच्या आतल्या बाजूस टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दाखविले, ही मानमोडी दिसते असे सांगितले, आणि पहिला प्रश्न विचारला तो हा: पंधरा दिवसांत बाहेरून नवा पक्षी आणला होता काय? त्या क्षणी आम्हांस बाजारातला तांबडा कोंबडा आठवला. तरी गावात येऊन आम्ही तोंड उघडले नाही. उघडले असते तर वरच्या आळीचे सोयरे दारात उभे राहिले असते, आणि ज्यांच्या कोंबड्या गेल्या त्यांनी भरपाई मागितली असती. मावशींवर दोष पडला तो आम्हांस सोयीचा पडला. शाळेत आम्ही फळ्यावर लिहितो की रोग जंतूंपासून होतात. आणि शाळा सुटल्यावर त्याच रस्त्याने मान खाली घालून घरी जात होतो. एक वर्ष गप्प राहिलो.

काल संध्याकाळी आम्ही मावशींकडे गेलो आणि विचारले की हे सभेत सांगू काय? त्या म्हणाल्या, "सांगा गुरुजी, पण माझ्या नऊ मेल्या तेही सांगा." ते सांगितले. मावशी येथे पुढेच बसल्या आहेत. आम्ही त्यांची सर्वांसमक्ष क्षमा मागतो. ज्यांच्या घरी आमच्यामुळे साथ आली त्यांचीही मागतो. कोणास रागावयाचे असेल तर सभा संपल्यावर आम्ही येथेच आहोत.

आता रोगाकडे वळू.

ह्या रोगास आपण मानमोडी म्हणतो. १९१८ साली माणसांत इन्फ्ल्युएंझाची जी भयंकर साथ आली तिलाही आपल्या लोकांनी मानमोडी हेच नाव दिले होते. नाव एक, रोग निराळा. कोंबड्यांच्या मानमोडीला दवाखान्यात राणीखेत म्हणतात. १९२६ साली जावा बेटात आणि विलायतेत न्यूकॅसल शहराजवळ हा रोग प्रथम ओळखला गेला, म्हणून इंग्रजीत त्यास न्यूकॅसलचे नाव पडले. पाठोपाठ तो आपल्या देशात कुमाऊंच्या डोंगरात राणीखेत येथे दिसला, म्हणून आपल्याकडे राणीखेत. तेथून जवळच मुक्तेश्वर येथे जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा होती. ही प्रयोगशाळा मुळात १८८९ साली आपल्या पुण्यातच सुरू झाली आणि १८९३ साली मुक्तेश्वरास हलविली. तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. मानमोडीवरची जी लस आपण आज टोचतो तिच्यातला एक प्रकार ह्याच मुक्तेश्वरास १९४० नंतर तयार झाला. तेव्हा विद्या आपल्या देशात नव्हती असे नाही. ती डोंगरावरून आमच्या परड्यात येण्यास फार वर्षे लागली.

रोगाचे कारण विषाणू. साध्या जंतूहूनही कितीतरी बारीक, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारा. तो आजारी कोंबडीच्या शिटेतून, नाकातोंडाच्या पाण्यातून आणि श्वासातून बाहेर पडतो. मोठी अडचण ही की पक्षी आजारी दिसण्याच्या अगोदरच तो बाहेर पडू लागतो. अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस जातात, कधी दोन, कधी पंधरा. म्हणजे आज बाजारात टवटवीत दिसणारी तलंग आठवड्याने मरू शकते. आणि आमच्यासारखा मनुष्य चांगल्या दिसणाऱ्या चार कोंबड्या विकतो तेव्हा तो चार कोंबड्या नव्हे, चार आळ्यांना साथ विकत असतो.

लक्षणे तुम्ही आमच्याहून जास्त पाहिली आहेत. काही वेळा काहीच दिसत नाही, सकाळी खुराडे उघडावे तो तीन मेलेल्या. काही वेळा घरघर, चोच उघडी, हिरवी शिट. अंडी एकदम कमी होतात, होतात त्यांचे कवच पातळ किंवा नाहीच. जी चार-सहा दिवस टिकते तिचे पाय लुळे पडतात, ती गोल फिरते, मान मुरगळते. ज्या गावात कधी लस टोचली नाही तेथे शंभरातल्या नव्वद आणि त्याहूनही जास्त मरू शकतात.

रोग पसरतो तो पायाने, हाताने, डालग्याने. हे नीट ध्यानात घ्या. हवेतून तो कोंबडीपासून जवळच्या कोंबडीला जातो खरा, पण एका गावाहून दुसऱ्या गावास माणूस त्याला नेतो. व्यापाऱ्याचा मोटारसायकलला बांधलेला डालगा दहा गावे फिरतो आणि कधी धुतला जात नाही. लेकीच्या घरी भेट म्हणून कोंबडी जाते. जत्रेला चहूकडून नवसाचे कोंबडे एका जागी येतात, काही कापले जातात, काही तसेच परत जातात. नवसाच्या बऱ्यावाईटाचा वाद आज आम्ही काढीत नाही, त्याला निराळी सभा पाहिजे. पण परत आणलेला कोंबडा सरळ खुराड्यात सोडू नका, एवढे तर देवालाही मान्य होईल. आजारी कोंबडीचे घर पाहून आलेल्या शेजारणीच्या चपलेला लागलेली शिटसुद्धा पुरे होते. तेव्हा मावशींवर दोष ठेवणाऱ्यांत एवढेच खरे होते की रोग माणसाबरोबर येतो. तो डोळ्यातून येत नाही. तो आमच्या हातातल्या सुतळीला बांधून आला.

औषधाचे काय, हा प्रश्न प्रत्येक बाई विचारते. औषध नाही. हे कडू आहे, पण स्पष्ट सांगितलेले बरे. साथ आली तेव्हा गावात भगताकडून अंगारा आला, लिंबे उतरली, खुराड्यावर बिब्बे टांगले. आम्ही सुशिक्षित, आम्ही अंगारा आणला नाही, आम्ही दुकानातून जंतू मारणारी तांबडी भुकटी आणून पाण्यात घातली. दोन्हींचा उपयोग सारखाच झाला. ती भुकटी जंतूंवर चालते, विषाणूवर चालत नाही. मग भगताचा गुण आला असे काहींना का वाटले? साथ जिथे लागते तिथे दोन-तीन आठवड्यांत आपोआप विझते, कारण मरण्याजोगे काही उरत नाही. दहांतली एक-दोन आपल्या बळावर जगतात. ज्याने शेवटी अंगारा टाकला त्याला श्रेय मिळते. पहिल्या दिवशी टाकलेल्या अंगाऱ्याचा हिशेब कोणी मांडीत नाही. आमच्या भुकटीचाही मांडला नसता, पण तिची पावती आमच्या वहीत आहे.

म्हणून साथ शिरली तर काय करावयाचे ते ऐका.

आजारी कोंबडी दिसताच बाकीच्या मोकळ्या सोडणे बंद. मोकळी कोंबडी चार परडी हिंडते. सगळ्यांना डालग्याखाली किंवा खुराड्यात ठेवून दाणापाणी तिथेच द्यावे. आजारी वेगळ्या, चांगल्या दिसतात त्या वेगळ्या. आणि काम आधी चांगल्यांचे करावे, मग आजाऱ्यांचे, मग हातपाय साबणाने धुवावेत. उलट करू नये. विकणे बंद, भेट देणे बंद, उधार देणे बंद. ज्या घरी साथ आहे त्या घरची अंडी उबवायला कोणी नेऊ नयेत, कारण कवचाला शिट लागलेली असते. वाचण्याजोगी नाही ती तडफडत ठेवण्यापेक्षा मारून पुरावी. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नये, उकिरड्यावर टाकू नये, कुत्र्याला घालू नये. हातभर नव्हे, कुत्र्याने उकरता येऊ नये इतका खोल खड्डा, वर चुना, वर माती. गेल्या वर्षी एवढा एक खड्डा आम्ही खणला असता तर वरची आळी कदाचित वाचली असती.

विषाणू सावलीत आणि ओल्या शिटेत पुष्कळ दिवस जगतो. ऊन, चुना, साबण, ब्लीचिंग पावडर आणि उकळते पाणी ह्यांपुढे तो टिकत नाही. खुराडे रिकामे झाले की शिट खरवडून पुरावी, भिंतीला चुना द्यावा, डालगी व पाण्याची परळे धुवून कडक उन्हात ठेवावीत. मग घाईने नव्या कोंबड्या आणू नयेत. निदान महिनाभर खुराडे मोकळे राहू द्यावे. आमच्या घरी हा महिना फार जड गेला. कुटुंबाने रिकामे खुराडे रोज झाडले.

वाचलेल्या कोंबड्यांविषयी एक शब्द. त्या बऱ्या दिसल्या तरी काही आठवडे त्यांच्या शिटेतून रोग बाहेर पडू शकतो. त्यांना नव्या पिलांत मिसळू नका.

खाण्याविषयी विचाराल. चांगले शिजविलेल्या मांसातून हा विषाणू माणसास बाधत नाही, शिजविण्याच्या उष्णतेने तो मरतो. आजारी कोंबडी हाताळून तेच हात डोळ्यास लावले तर डोळे लाल होतात, थोड्या दिवसांत बरे होतात. परंतु येथे सावध राहिले पाहिजे. कोंबड्या एकाएकी मरणे हे बर्ड फ्लूचेही लक्षण आहे, आणि तो माणसास घातक होऊ शकतो. आपल्या देशात तो प्रथम २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे आढळला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी कोंबड्या मेल्या त्याही त्याच रोगाने. नुसत्या डोळ्यांनी पाहून मानमोडी की बर्ड फ्लू हे डॉक्टरसुद्धा खात्रीने सांगू शकत नाहीत, नमुना तपासावा लागतो. म्हणून एकदम तीन-चार मेल्या तर कापून खाऊ नका, पिशवीत घालून आमच्यासारखे एस.टी.तूनही नेऊ नका. दवाखान्यास कळवा, ते येतील. २००९ च्या केंद्र सरकारच्या कायद्याने जनावरांचे असे साथीचे रोग कळविणे हे मालकाचे कर्तव्यच ठरविले आहे. कळविले तर सरकार सगळ्या कोंबड्या मारील, ही भीती पुष्कळांस आहे. बर्ड फ्लू ठरला तर ठरावीक क्षेत्रातील पक्षी मारतात, त्याचा मोबदला देण्याची सोय आहे. मानमोडी ठरली तर तसे नाही. लपविल्याने मात्र दोन्हींत नुकसानच.

आता लस.

फ्रान्सात पाश्चर नावाचा शास्त्रज्ञ होऊन गेला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लशीमुळे त्याचे नाव सर्वांस माहीत आहे. पण त्याच्या अगोदर, १८८० च्या सुमारास, त्याने प्रयोगशाळेत दुबळे केलेले जंतू टोचून रोग टाळण्याची युक्ती शोधली ती कोंबड्यांवर! कोंबड्यांच्या पटकीचे जुने, मंद झालेले जंतू टोचले तर कोंबडी मरत नाही आणि पुढे ताजे जंतूही तिला मारीत नाहीत, हे त्याला दिसले. म्हणजे आपल्या परड्यातल्या ह्या जिवाने माणसांच्या कितीतरी लशींची वाट दाखविली. मानमोडीची लसही त्याच तत्त्वावर आहे, दुबळा विषाणू.

ती दोन प्रकारची मिळते. एक लासोटा नावाची, तिचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकावयाचा; ही सात दिवसांच्या पिलासही चालते आणि सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा देतात. दुसरी तीच मुक्तेश्वरची, आर-टू-बी म्हणतात. ती पंखाखाली कातडीत किंवा मांसात टोचतात, मात्रा अर्धा मिलिलिटर. ही जोरकस आहे, म्हणून आठ आठवड्यांच्या आतल्या पिलास टोचू नये. पूर्वी कधीच लस न मिळालेल्या कोंबडीला आधी लासोटाचा थेंब आणि काही आठवड्यांनी सुई, असे आपले डॉक्टर सांगतात. पुढे परड्यातल्या कोंबड्यांना दर सहा महिन्यांनी पुन्हा. लस दिल्यावर अंगात बळ येण्यास आठ ते पंधरा दिवस लागतात.

"मागे एकदा टोचल्या आणि टोचल्यावरच मेल्या," असे देवळामागच्या एका काकींनी आम्हांस ऐकविले. ते खोटे नसेल. साथ गावात शिरल्यावर टोचले तर ज्या कोंबडीत रोग आधीच बसला आहे ती मरणारच, आणि नाव सुईचे होते. शिवाय ही लस जिवंत असते; ती बर्फात राहिली पाहिजे. दवाखान्यातून निघाली आणि उन्हात सायकलच्या पिशवीत दोन तास हिंडली की तिच्यात राम राहत नाही. विरघळविल्यावरही तास-दोन तासांत संपविली पाहिजे. दुसरे, आजारी, अशक्त, जंत झालेल्या कोंबडीस ती मानवत नाही. सुई टोचल्यावर चार दिवस अंडी कमी होतात हेही खरे. चार दिवसांची अंडी आणि सगळ्या कोंबड्या, ह्यांची वजाबाकी तुमची तुम्ही करा. आणि लस दिली म्हणून बाजारातला पक्षी सरळ आत घेऊ नका. नवा पक्षी एकवीस दिवस परड्याच्या दुसऱ्या टोकाला, निराळ्या पाण्यावर. त्याचे काम शेवटी.

खरी अडचण पैशाची नाही. कुपी स्वस्त आहे. अडचण ही की एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांचे औषध असते आणि आपल्या एका घरी कोंबड्या आठ. एकटी बाई तालुक्यास जाऊन कुपी आणील तर नव्वदाहून जास्त मात्रा ओतून द्याव्या लागतील. आणि एकीने टोचून शेजारणीने टोचले नाही तर साथ आळीत येतेच. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांस हे अवघड नाही, त्यांच्या हजारो कोंबड्या एका छपराखाली असतात. आपल्या कोंबड्या चाळीस छपरांखाली आहेत, म्हणून आपणांस एका दिवशी एका जागी आले पाहिजे. गेल्या आठवड्यात सातवीच्या मुलामुलींनी घरोघर जाऊन कोंबड्या मोजल्या. दोन घरांनी नजर लागेल म्हणून आकडा सांगितला नाही. त्यांनी आता सांगावा.

पुण्यास औंध येथे सरकारी संस्थेत ह्या लशी तयार होतात आणि तालुक्याच्या दवाखान्यात येतात. डॉक्टरांनी येत्या गुरुवारच्या पुढचा गुरुवार दिला आहे. आज गावात कोठेही साथ नाही, म्हणून हीच वेळ. जंताचे औषध आम्ही आणून ठेवले आहे. ते आज जाताना प्रत्येकीने घेऊन जावे आणि उद्या सकाळी पाण्यातून द्यावे, म्हणजे गुरुवारपर्यंत कोंबड्या सावरतील. गुरुवारी फक्त डोळ्यात थेंब आहे, सुई नाही. एकीने कोंबडी आडवी धरायची, दुसरीने थेंब टाकायचा, कोंबडीने डोळा मिटून उघडला की सोडायची. सुईचा दिवस पुढे कळवू.

दिवसा कोंबड्या हाती लागत नाहीत, म्हणून दिवेलागणीची वेळ ठरविली आहे. खुराड्यात शिरल्या की धरून डालग्यात घालून आणाव्यात. प्रत्येकीने आपापला डालगा आणावा, दुसरीचा मागू नये, आणि दारात चुन्याचे पोते ठेवले आहे त्यावर पाय देऊन आत यावे. जागा शाळेत ठेवावी असे आधी ठरत होते, पण शाळेच्या ओट्यावर दिवा नाही. मावशींच्या ओट्यावर विजेचा दिवा आहे, पाणी आहे, आणि त्यांनी होय म्हटले आहे. तेव्हा सर्वांनी त्यांच्या दारी यावे. बर्फाचा डबा आम्ही दुपारच्या गाडीने आणतो. त्यांच्याकडे सध्या तीनच कोंबड्या आहेत. पहिला थेंब त्या तिघींना.